वरिष्ठांची चूक कशी सांगावी?

प्रश्न : विमान चालवताना कप्तान चुकत असल्याचं सहवैमानिकाच्या लक्षात आलं, तर तो ते सांगतो तरी कसं? मान राखून खरं बोलण्याची काही ठरलेली पद्धत असते का?

उत्तर : असते, आणि ती अपघातांतून घडली आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ आलं. चाकांच्या बिघाडाची शंका आल्यानं ते सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन घटत असल्याचं सहकारी बोलले, पण निकड कप्तानापर्यंत पोहोचली नाही. इंधन संपून विमान कोसळलं. १० जण दगावले. चौकशी अहवालानं कप्तानाला दोष दिलाच, शिवाय सहकाऱ्यांना आपली काळजी नीट पोहोचवता आली नाही, हेही नोंदवलं. १९८१ मध्ये युनायटेडनं त्यासाठी प्रशिक्षण सुरू केलं. आज ते भारतातल्या वैमानिकांनाही सक्तीचं आहे.

त्यात शिकवल्या जाणाऱ्या एका पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : हाक मारा, काळजी सांगा, वस्तुस्थिती सांगा, उपाय सुचवा, संमती विचारा. म्हणजे असं : ‘‘कॅप्टन, मला इंधनाची काळजी वाटते. पंधरा मिनिटांपुरतंच उरलंय. आत्ताच उतरू या. चालेल ना?’’ शेवटच्या प्रश्नामुळे निर्णयाचा मान कप्तानाकडेच राहतो आणि त्याला उत्तर देणंही भाग पडतं.

वस्तुस्थिती मात्र सौम्य करायची नाही. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या आवियांका ५२ या विमानाच्या सहवैमानिकानं इंधन संपत आल्याचं नियंत्रकांना कळवलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही. विमान कोसळून ७३ जणांचा मृत्यू झाला.

कार्यालयातही हीच रीत वापरावी. ‘‘साहेब, जरा एकदा बघता का?’’ एवढ्यानं काहीच कळत नाही. त्याऐवजी म्हणावं, ‘‘साहेब, या दरपत्रकाची मला काळजी वाटते. यात वाहतूक खर्च धरलेला नाही. आज दुरुस्त करून उद्या पाठवू या का?’’ यात आरोप कुठेच नाही, आणि सांगितलेली गोष्ट साहेबांना कागदावर लगेच पडताळता येते. मान हाक मारण्यात आणि सुरात ठेवावा. आकडा जसा आहे तसाच सांगावा. उत्तर मिळालं नाही, तर त्याच शांतपणे पुन्हा विचारावं.