हार्डडिस्क वाढवली अन् पीसी रुसला

होस्टेलमध्ये ज्याच्या पीसीला डीव्हीडी रायटर, त्याच्या रूमचे दार रात्री बारापर्यंत उघडेच, असा आमच्या वेळचा नियम होता. २००७ च्या एप्रिलमध्ये नांदेडच्या होस्टेलवर ते दार माझे होते. पीसी साधाच. इंटेल ८६५ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ४, ४० जीबीची आयडीई हार्डडिस्क, विंडोज एक्सपी आणि असेंबल करणाऱ्याने गळ्यात मारलेला स्वस्तातला एसएमपीएस.

माझा रूम पार्टनर लातूरचा. तिथे त्याच्या मामांचा फोटो स्टुडिओ. एका शनिवारी तो एसटीने आला तो मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी घेऊन. अहमदपूर, लोहा सगळे मागे पडले, पण पठ्ठ्याने ते गाठोडे खाली ठेवले नव्हते. टॉवेलात दोन हार्डडिस्क होत्या. एक ८० जीबीची आयडीई, मामांच्या स्टुडिओतल्या पीसीमधून काढलेली. तिच्यात दोन लग्नसराईंचे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही, आणि ती डिस्क अलीकडे मधूनमधून आवाज करू लागलेली. दुसरी १६० जीबीची कोरी साटा डिस्क. काम एवढेच, की जुनीतले नवीत उतरवायचे आणि वर डीव्हीडी लिहून द्यायच्या.

मामांना एवढी काळजी का, तेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक महिने त्या भागातली माणसे मामांकडे येऊन विचारायची, "आमच्या लग्नाची निगेटिव्ह आहे का हो तुमच्याकडं?" घरासोबत फोटो गेले होते, अन् फोटोतली माणसेही. काहींच्या निगेटिव्ह सापडल्या, बऱ्याच जणांच्या नाही. तेव्हापासून 'एकच कॉपी' म्हटले की मामांच्या पोटात गोळा येतो.

मी म्हणालो, "अरे, दहा मिनिटांचं काम!"

कॅबिनेटचे झाकण काढले. ८० ची डिस्क माझ्या ४० च्याच पट्टी केबलला मधल्या कनेक्टरवर लावली, साटा डिस्कला तिची बारीक लाल केबल, दोघींना पॉवर, आणि बटण दाबले. पंखे फिरले, एक बीप आली, मेमरी मोजून झाली आणि 'डिटेक्टिंग आयडीई ड्राइव्हज' या ओळीवर गाडी थांबली ती थांबलीच.

आता इथे जरा अभ्यासाचे. पीसी चालू होताना कामे ठरलेल्या क्रमाने होतात. आधी बायॉस स्वतःची तपासणी करतो, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. मग केबलवर कोण कोण बसले आहे याची हजेरी घेतो. मग ठरलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. हा फक्त ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइटचा छोटा प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण. त्या प्रोग्रामकडून सूत्रे जातात एक्सपीच्या एनटीएलडीआर या फाइलकडे, आणि मग कुठे विंडोजचा लोगो दिसतो. म्हणून 'पीसी चालू होत नाही' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या पायरीवर थांबतो ते सांगा, निम्मे निदान तिथेच झाले. आमचा हजेरीतच अडकला होता, म्हणजे विंडोजचा काहीएक दोष नव्हता.

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क बसतात, एक मास्टर, एक स्लेव्ह. कोण काय, हे डिस्कच्या मागच्या पिनांवरचा इवलासा जम्पर ठरवतो. माझी डिस्क मास्टर होती, आणि मामांचीही त्यांच्या पीसीत एकटी असल्यामुळे मास्टरच. एका वर्गात दोन मॉनिटर! बायॉसने हाक मारली की दोघी एकदम 'येस सर' म्हणणार, आणि बायॉस गोंधळून बसणार. मामांच्या डिस्कचा जम्पर चिमट्याने उचलून स्लेव्हवर लावला, हजेरी लागली. (वेस्टर्न डिजिटलच्या आयडीई डिस्कवर 'सिंगल' आणि 'मास्टर' अशा दोन निराळ्या जागा असायच्या. जुना पीसी उघडाल तर डिस्कवरचे लेबल वाचा, अंदाज नको.)

हजेरी झाली, तर पुढे काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'. एव्हाना रूममध्ये सात-आठ जण जमले होते. होस्टेलमध्ये पीसी बिघडला की डॉक्टरांची कमतरता नसते! एकाने फर्मान काढले, "विंडोज उडाली बे. एक्सपी टाक नवीन." दुसऱ्याने लगेच सीडी आणलीसुद्धा. आणि मी, कबूल करतो, ती सीडी टाकली.

निळ्या पडद्यावर तीन डिस्कची यादी आली. एक ३८ हजार एमबीची, एक ७६ हजारांची, एक १ लाख ३१ हजारांची. कोणावर टाकायची? "मोठीवर टाक," "नाही, पहिलीवर टाक," असा गलका सुरू झाला. माझा गोंधळ वेगळाच होता. १६० ची डिस्क १३१ कशी? डिस्कच खराब आली की काय? (ते कोडे नंतर सुटले. जुनी पद्धत सेक्टरच्या पत्त्याला २८ बिट द्यायची. २८ बिटमध्ये २६ कोटी ८४ लाख सेक्टर मावतात, म्हणजे १३७ जीबी, संगणकाच्या मोजणीत १ लाख ३१ हजार एमबी. सर्व्हिस पॅक १ च्या आधीच्या एक्सपीला त्यापलीकडे दिसतच नव्हते, आणि आमची सीडी त्याच जुन्या एक्सपीची.) पण त्या यादीत ७६ हजारांच्या ओळीवर कर्सर होता आणि एंटरवर माझे बोट. पार्टनरने माझे मनगट धरले. "काय करायलास रे? त्यात मामाचे फोटो आहेत."

एफ३ दाबून बाहेर पडलो. हात कापत होता, खोटे कशाला बोलू.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. पीसी बंद केला, वायर भिंतीतून काढली, दोन्ही पाहुण्या डिस्क सोडवल्या आणि फक्त माझी ४० ची ठेवून चालू केला. विंडोज आली, जशी रोज येते तशी. म्हणजे उडाले काहीच नव्हते. मग नवी साटा एकटी जोडली आणि तीच ओळ पुन्हा आली. चोर सापडला. बायॉसमध्ये गेलो तर 'हार्डडिस्क बूट प्रायॉरिटी' या यादीत साटा डिस्क आपणहून पहिल्या नंबरावर जाऊन बसली होती. कोरी डिस्क, पहिल्या सेक्टरमध्ये ५५ एए ची खूण नाही, बायॉस म्हणणार बूट फेल्युअर. माझी ४० वर घेतली, एफ१० दाबून सेव्ह केले, काम फत्ते.

नाही, फत्ते कुठले! तिसरी डिस्क जोडल्यावर लोगो यायचा आणि पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायचा. मामांची डिस्क फिरायला लागायची, 'टक्' करून थांबायची, पुन्हा फिरायची. तो आवाज ऐकून पार्टनरचा चेहरा पांढरा पडला. मी लगेच बंद केला. इथे पुन्हापुन्हा चालू करून बघणे म्हणजे आजारी डिस्कला दोरीच्या उड्या मारायला लावणे.

शेजारच्या विंगमधून इलेक्ट्रिकलचा मित्र मल्टिमीटर घेऊन आला. साडेतीन इंची डिस्क चालू होताना काही सेकंद १२ व्होल्टच्या लाइनीतून साधारण २ अँपिअर ओढते, फिरू लागली की बरीच कमी. तीन डिस्क एकदम उठल्या की ६ अँपिअर, आणि पेंटियम ४ चा प्रोसेसरही त्याच १२ व्होल्टवर जगतो. पिवळी आणि काळी वायर यांच्यामध्ये मोजले. बटण दाबताच १२ चे साडेदहापर्यंत खाली. एरवी ११.४ च्या खाली जाऊ नये. एसएमपीएसवरच्या स्टिकरवर मात्र ऐटीत '४५० वॅट' लिहिलेले! शेजारच्या रूममधला चांगल्यापैकी एसएमपीएस रात्रीपुरता उसना आणला, त्याचा पीसी बिचारा पोट उघडे टाकून पडला. लोडशेडिंग संपून लाइट आल्यावर कॉपी लावली. ६० जीबी, दीड-दोन तास. कोणी खुर्चीलाही हात लावला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, आयडीई कोण वापरतो? खरे आहे, जम्पर गेले. पण लॅबमध्ये दरवर्षी कोणीतरी डिस्क वाढवतो आणि पीसी रुसतो. आता एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की अनेक बोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद होतो, कारण दोघांची वाट एकच. डिस्क मेलेली नसते, केबल दुसऱ्या पोर्टवर हलवायची असते. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेले असते, पण मॅन्युअल खोक्यात आणि खोके माळ्यावर. यूईएफआय सेटिंगमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' खाली घसरलेला असतो, तो वर घ्यायचा. लिनक्सवाल्यांनी एफएसटॅबमध्ये एसडीए, एसडीबी अशी नावे लिहिली असतील तर नवी डिस्क येताच ती नावे बदलू शकतात. तिथे यूयूआयडी लिहा, आणि नसली तरी चालेल अशा डिस्कपुढे 'नोफेल'. एक मात्र करू नका. बूट होत नाही म्हणून बायॉसमध्ये साटा मोड एएचसीआय की रेड, सिक्युअर बूट चालू की बंद, अशी बटणे भराभर फिरवू नका. लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल, आणि ती कुठे ठेवली हे त्या वेळी कोणालाच आठवत नाही. डिस्क जोडण्याआधीच शोधून ठेवा.

रविवारी संध्याकाळपर्यंत १४ डीव्हीडी लिहून झाल्या. मामा स्वतः घ्यायला आले. होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी प्रत्येक डीव्हीडीवर स्केच पेनने तारीख टाकली, जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळली, आणि नवी १६० ची माझ्या हातात परत दिली.

"ही राहू दे तुझ्याकडं. एक लातूरला, एक नांदेडला."

शिक्षण संपेपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात लातूरकडच्या कित्येक अनोळखी नवरा-नवऱ्या होत्या. २००८ च्या जूनमध्ये सामान आवरताना मामांना फोन केला, तर म्हणाले, नांदेडात राहणारा दुसरा कोणी भरवशाचा मुलगा बघून दे.