भू-उष्णता पंप आणि घरातील गरम पाणी : दोन टाक्यांची नळजोडणी

उत्तर अमेरिका व उत्तर युरोप येथील थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणे ही चैन नसून जगण्याची निकड आहे. तेथील कुटुंबाच्या ऊर्जाखर्चात घर तापविण्याच्या खालोखाल वाटा असतो तो स्नान, भांडी व कपडे यांसाठी लागणाऱ्या गरम पाण्याचा. ज्या घरांत भू-उष्णता पंप बसविलेला आहे, तेथे या दुसऱ्या खर्चातही मोठी बचत साधता येते. मात्र ती बचत यंत्राच्या किमतीपेक्षा नळ कोणत्या क्रमाने जोडले आहेत यावर अधिक अवलंबून असते.

जमिनीतील उष्णतेचा उपसा

भू-उष्णता पंप म्हणजे वज्रेश्वरी-गणेशपुरीसारख्या उन्हाळ्यांतील ऊन पाण्याचा वापर नव्हे. जमिनीखाली काही मीटर खोलीवर तपमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील अनेक राज्यांत ते सुमारे १० अंश सेल्सिअस असते. बाहेर बर्फ पडत असतानाही जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून फिरणारे पाणी ही उष्णता घेऊन येते आणि यंत्र ती वरच्या तपमानास नेऊन घरात सोडते. उन्हाळ्यात हाच क्रम उलटतो, म्हणजे घरातील उष्णता जमिनीत सोडली जाते. घरातील शीतकपाट ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व होय.

अशा यंत्राची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली मांडली. अमेरिकेत पोर्टलंड शहरातील इक्विटेबल इमारतीत १९४८ साली विहिरीच्या पाण्यावर चालणारी मोठी उष्णता पंप योजना कार्यान्वित झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा योजनांकडे अधिक लक्ष वळले. चांगले यंत्र १ युनिट वीज घेऊन ३ ते ४ युनिट उष्णता देते; कारण उरलेला भाग जमिनीतून येतो.

गरम पाण्यासाठी उष्णता कोठून मिळते?

कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणारा शीतक वायू अतिशय तप्त असतो. त्याचे तपमान पुष्कळदा ६० ते ८० अंशांपर्यंत जाते. हा वायू द्रवरूप होण्यापूर्वी त्याच्या अंगची जादा उष्णता काढून घेण्यासाठी वाटेत एक छोटा उष्णता-विनिमयक बसवितात. त्यास डीसुपरहीटर म्हणतात. त्यात एका बाजूने तप्त वायू व दुसऱ्या बाजूने घरातील पाणी वाहते. दोहोंमध्ये दुहेरी भिंत असते. त्यामुळे एखादी भिंत फुटली तरी शीतक व तेल पिण्याच्या पाण्यात मिसळत नाही.

या मार्गाने यंत्राच्या एकूण उष्णतेचा थोडाच भाग मिळतो. म्हणून हे साधन पाणी कढत करण्याचे नसून ते आधी कोमट करून ठेवण्याचे आहे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

एक टाकी का पुरत नाही?

विजेच्या हीटरच्या टाकीलाच डीसुपरहीटर जोडला, तर विजेचे एलिमेंट ती टाकी सतत ५० ते ५५ अंशांवर ठेवते. अशा तापलेल्या पाण्याला वायूकडून फारशी उष्णता घेता येत नाही. यंत्र मंद गतीने चालत असून वायूचे तपमान उतरले असेल, तर उलट पाण्यातील उष्णताच वायूकडे जाण्याचा संभव असतो. ज्या कामासाठी खर्च केला, ते काम वीजच करून मोकळी होते.

यावर उपाय म्हणजे दुसरी, वीज न जोडलेली टाकी. नळाचे थंड पाणी प्रथम या पूर्वतापन टाकीत येते. टाकीच्या तळाचे थंड पाणी छोट्या पंपाने डीसुपरहीटरकडे जाते व तापून टाकीत परतते. घरात गरम पाण्याचा नळ उघडला की पूर्वतापन टाकीतील पाणी हीटरच्या टाकीत शिरते आणि हीटरमधील पाणी नळास मिळते. बंबात वरून थंड पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी बाहेर येते, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे दुसऱ्या बंबात ओतले जाणारे पाणी आधीच कोमट असते.

लाभ किती होतो, हे साध्या हिशेबाने कळते. २०० लिटर पाणी १० अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारे १०.५ युनिट उष्णता लागते. पूर्वतापनाने ते ३० अंशांवर आले, तर त्यांपैकी सुमारे ४.७ युनिटांचा भार हीटरवरून उतरतो.

ऋतूप्रमाणे फरक

उन्हाळ्यात ही उष्णता जवळजवळ फुकट मिळते. कारण ती एरवी जमिनीत सोडावी लागली असती. हिवाळ्यात ती घर तापविण्याच्या वाट्यातून येते, म्हणून फुकट नसते. तरीही विजेच्या एलिमेंटपेक्षा स्वस्त पडते. वसंत व शरद ऋतूंत यंत्र बराच काळ बंद राहते. त्या दिवसांत पाणी तापविण्याचा भार मुख्यतः हीटरवरच असतो.

जोडणी करताना घ्यावयाची काळजी

१. पंप फक्त कॉम्प्रेसर चालू असतानाच चालावा आणि पाणी ठरावीक तपमानास पोहोचताच थांबावा.

२. पाणी भरून व नळीतील हवा पूर्णपणे काढल्याशिवाय पंप सुरू करू नये. कोरडा चाललेला पंप लवकर निकामी होतो.

३. प्रत्येक टाकीस दाब व तपमान यांवर उघडणारी सुरक्षा झडप असावी. टाकी व ही झडप यांच्यामध्ये बंद करता येणारी कोणतीही तोटी बसवू नये.

४. थंड पाण्याच्या वाटेवर एकमार्गी झडप असल्यास तापून फुगणाऱ्या पाण्यासाठी प्रसरण टाकी द्यावी.

५. डीसुपरहीटरच्या दोन्ही बाजूंस तोट्या ठेवाव्यात. पाणी जड असेल तर आत क्षार साचतात. या तोट्या बंद करून ते धुऊन काढता येतात.

६. नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टन घालावे आणि त्या गोठण्याजोग्या थंड जागेतून नेऊ नयेत.

आरोग्याचा प्रश्न

फुप्फुसांचा गंभीर विकार घडविणारे लेजिओनेला जंतू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात. पूर्वतापन टाकीतील पाणी नेमके याच तपमानाचे असते. म्हणून ते थेट नळास कधीही देऊ नये. शेवटच्या टाकीत ते ६० अंशांपर्यंत तापवावे आणि बाहेर पडताना मिश्रण झडपेने थंड पाणी मिसळून सुमारे ४९ अंशांवर आणावे. तसे न केल्यास लहान मुले व वृद्ध यांना भाजण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रापुरते पाहता

महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज फारशी नसल्याने असे यंत्र घरोघरी लागणार नाही. परंतु छपरावरील सौर जलतापकास विजेचा गीझर जोडताना हाच नियम लागू पडतो. सूर्याला थंड पाणी द्यावे आणि उरलेली उणीव तेवढी विजेने भरून काढावी. सौर टाकीतच विजेचे एलिमेंट रात्रभर चालू ठेवल्यास सकाळच्या उन्हाला तापविण्यासारखे फारसे पाणी उरत नाही. स्वस्त उष्णतेला सर्वांत थंड पाणी व महाग उष्णतेला केवळ शेवटचे काही अंश, हा क्रम पाळला तर कोणत्याही हवामानात विजेची बचत होते.