ओल्या आंब्याचं भांडं का तडकलं?

प्रश्न: पावसात उन्मळलेल्या आंब्याच्या ओल्या ओंडक्यातून लेथवर मोठं पोकळ भांडं काढलं. दिवाळीपर्यंत ते तडकलं. काय चुकलं?
– एक वाचक, जामसर

उत्तर: ओलं कातलंत ते बरोबरच, ओलं लाकूड पटासीखाली लोण्यासारखं सुटतं. चूक बहुधा गाभा भांड्यात ठेवण्याची. सुकताना लाकूड घेराच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. मधोमध गाभा असला की हा ताण तडा देऊनच मोकळा होतो. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा चिरा आणि गाभ्याकडचा बोटभर थर काढून टाका.

पहिल्या कातणीत भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे १२ इंचांना सव्वा इंच ठेवा. बूडही तेवढंच, जाड बूड हमखास फुटतं. आडव्या छेदांवर मेण लावून भांडं त्याच्याच किसात, कागदी पिशवीत ठेवा. पावसानंतरचा कोरडा वारा त्याचा वैरी! दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबेपर्यंत काही महिने जातील. तोवर भांडं लंबगोल झालेलं असेल. मग अखेरची कातणी.

उभा आंबा तोडणार असाल, तर तो १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. आधी परवानगी घ्या.