चौथा वाटा : अपयशानंतर पुन्हा उद्योग उभारताना

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्राला मिळकतीचे चार वाटे करण्यास सांगितले आहे. एक वाटा उपभोगासाठी, दोन वाटे व्यवसायात गुंतविण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. हे सुत्त आपल्याकडे बहुधा सहा दिशांच्या वंदनेसाठी सांगितले जाते. त्यातील हिशेबाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. हा उपदेश कष्टाळू, नीतिमान गृहस्थाला केलेला आहे. अशा गृहस्थावरही संकट येऊ शकते, हे तथागतांनी गृहीत धरले आहे.

उद्योजकतेवरील आजच्या पुस्तकांत अपयशाचे कारण बहुतेक वेळा उद्योजकाच्या स्वभावात शोधले जाते. जिद्द कमी पडली, नियोजन चुकले, आता अधिक जोमाने उठा, असा त्यांचा सूर असतो. आपल्या समाजाचा अनुभव पाहता हे निदान अपुरे आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समभाग व रोखे यांविषयी सल्ला देणारी पेढी सुरू केली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या सल्लागाराच्या ज्ञानात उणीव कोणती असणार? तरीही त्यांची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. तेथे अधिक जिद्दीने बसून राहणे हा उपाय नव्हताच. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा स्वीकारली, पगारातून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडन गाठले. सुत्तातील चौथा वाटा येथे प्रत्यक्ष दिसतो.

म्हणून अपयशानंतरचे पहिले काम कारणांची फोड करणे हे होय. दुःखाला कारण असते, हे आपण धम्मात शिकतो. तोच नियम धंद्याच्या वहीलाही लावला पाहिजे. माल वाईट होता, माल चांगला होता पण पैसे वसूल झाले नाहीत, की माल व पैसे दोन्ही ठीक असून बाजाराने दार बंद केले? या तिन्ही आजारांची औषधे वेगवेगळी आहेत.

या दृष्टीने कल्पना सरोज व कमानी ट्यूब्ज यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावे. अकोला जिल्ह्यातील एका पोलीस हवालदाराची ही मुलगी. बालविवाह, सासरचा छळ आणि जगणे नकोसे होण्यापर्यंत आलेली वेळ, यांतून ती मुंबईला आली व कपड्यांच्या कारखान्यात दोन रुपये रोजावर काम करू लागली. पुढे महात्मा फुले यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून मिळालेल्या पन्नास हजार रुपयांच्या कर्जावर त्यांनी फर्निचरचा व्यवसाय उभा केला. ही कथा भाषणांतून वारंवार सांगितली जाते आणि बहुतेक वक्ते येथेच टाळ्या घेऊन थांबतात. खरा अभ्यासविषय त्यानंतरचा आहे. कल्याण येथे वादात अडकलेला एक भूखंड त्यांनी घेतला व कोर्टकचेरी करून तो मोकळा केला. अडकलेली मालमत्ता सोडविण्याचे कसब त्यांच्या अंगी आले ते येथे.

कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही तांब्याच्या व अन्य अलोह नळ्यांची नामांकित कंपनी. मालकांच्या आपसांतील वादात ती बुडाली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कामगारांनी चालविण्याच्या योजनेस मान्यता दिली. तो प्रयोग देशभर गाजला, पण पुढे फसला. मालक बदलला तरी जुनी देणी, कामगार संघटनांतील फूट आणि खेळत्या भांडवलाची चणचण तशीच राहिली. २००० च्या सुमारास कामगारच कल्पना सरोज यांच्याकडे आले. तेव्हा कंपनीवर ११६ कोटींचे कर्ज व शंभराहून अधिक दावे होते, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे.

एवढा आकडा पाहून कोणीही मागे फिरले असते. त्यांनी तो आकडा फोडला. त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती? कर्जाचा मोठा भाग व्याजाचा व दंडाचाच निघाला. मग त्यांनी सरकारकडे व बँकांकडे मांडणी केली की कंपनी अवसायनात गेली तर कोणालाच काही मिळणार नाही. दंड व व्याज सोडले तर मुद्दल परत येऊ शकेल. ही दयेची याचना नव्हती, धनकोच्या हिताचा हिशेब होता. २००६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या, कामगारांची थकबाकी चुकती झाली, कारखाना वाड्याला हलला आणि काही वर्षांत कंपनी आजारी उद्योगांच्या यादीतून बाहेर पडली. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या पुण्यातील लहान उद्योजकाची अडचण बहुधा याहून साधी असते. भोसरी किंवा चाकण परिसरात मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारा माणूस पुष्कळदा तोट्याने नव्हे, तर अडकलेल्या बिलांनी बुडतो. वहीत नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी गल्ला रिकामा असतो. त्यातच धंदा एकल मालकीचा असेल तर कायद्याच्या दृष्टीने धंद्याचे कर्ज व मालकाचे कर्ज एकच ठरते; दुकानाबरोबर राहते घरही जाते. खासगी मर्यादित कंपनी केल्याने हा धोका कमी होतो, परंतु बँकेपुढे वैयक्तिक हमी लिहून दिली असेल तर ते संरक्षण त्या कर्जापुरते उरत नाही. भावाची किंवा मेहुण्याची सही जामीन म्हणून घेण्यापूर्वी हे त्यांना समजावून सांगणे कर्तव्य आहे.

बिलांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. सुविधा परिषदेकडे दादही मागता येते. तरीही अनेक जण तक्रार करीत नाहीत, कारण पुढची ऑर्डर त्याच खरेदीदाराच्या हाती असते.

येथे एकट्याची जिद्द संपते व संघटनेची गरज सुरू होते. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली, तिचे महत्त्व मला यातच वाटते. जातीमुळे ज्यांना नातेवाइकांच्या पेढ्या, व्यापारी ओळखी व जुने जामीनदार लाभले नाहीत, त्यांच्यासाठी ही ओळखीची पर्यायी व्यवस्था आहे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी विनाशुल्क व ऑनलाइन होते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे वर्कशॉप वा दुकान सुरू आहे, त्यांनी ती धंदा नीट चाललेला असतानाच करून ठेवावी आणि चौथ्या वाट्यासाठी बँकेत निराळे खाते उघडावे.