कोऱ्या भिंतीवर नक्षीचा छाप

घरात शिरल्यावर आधी काय लागते? दारामागचा बोळ. जुन्या वाड्यांत तेथे ऐसपैस ढाळज असे. आपल्या लहान घरांत अरुंद बोळ असतो. त्यात चपला, सायकल, ज्वारीचे पोते. भिंत कोरीच राहते. आपण तिच्याकडे बघत नाही; पण पाहुणा आधी तीच बघतो.

आमच्या पाटोद्याच्या रात्रीच्या वर्गात एकदा हा विषय निघाला. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, दसरा-दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने कोपीत राहतो. भिंत सजवायची कोणासाठी?"

बाईंचे म्हणणे खोटे नव्हते. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यातून दर साली कितीतरी जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात. आम्हाला उत्तर सुचेना. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई बोलल्या, "अगं, मी असते की घरात. पोरगी असते. त्याच बोळात बसून ती अभ्यास करते. अंधार असतो नुसता."

वर्ग गप्प झाला. मग सर्वांनी ठरवले, त्यांचाच बोळ सजवू. मात्र उचलीतला एक पैसाही त्यात घालायचा नाही. कर्ज काढून शोभा करू नये. ते काम कसे केले, ते आता सांगतो.

पहिले काम सफेदीचे. पांढरी भिंत उजेड परतवते, म्हणून अंधारा बोळ उजळतो. ओल असलेली भिंत आधी वाळू द्यावी. सुटलेले पोपडे खरवडून काढावेत. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा. आधी भांड्यात पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुना पाण्यात पडला की उकळतो. मुलांना लांब ठेवा. डोळे जपा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नका. चुना ते खातो. भिजलेला चुना ढवळून, गाळून भिंतीला दोन हात द्यावेत. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्यावा.

दुसरे काम साच्याचे. मोंढ्यात पोत्यांवर मार्का मारतात, तो पाहिला आहे ना? पत्र्यात अक्षरे कापलेली असतात. पत्रा पोत्यावर ठेवून शाई लावली की अक्षर उमटते. आपला साचाही तसाच. ही कला फार लांबवर पसरलेली आहे. मथुरेकडे कागद कातरून सांझीचे साचे करतात. जपानात कागदी साच्यांनी कापडावर नक्षी छापतात.

आम्ही एक्स-रेची जुनी फिल्म घेतली. ती पाण्याने भिजत नाही, पुसता येते. नक्षी कोणती? आपल्या डोंगरात सीताफळ उदंड. म्हणून सीताफळाच्या पानांची डहाळी काढली. फिल्म पाटावर ठेवून ब्लेडने पाने कापली.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'ठ' अक्षर कापून पाहा. आतला गोल तुकडा गळून पडतो, आणि उरते नुसते भोक. तो तुकडा टिकवायचा तर मधे बारीक पट्टी न कापता ठेवावी लागते. तिला आपण पूल म्हणू. पोत्यावरची अक्षरे तुटक दिसतात ती या पुलांमुळेच. पान आणि देठ यांच्यामध्येही असाच पूल ठेवावा.

तिसरे काम मापाचे. बोळाची भिंत 12 फूट, म्हणजे 144 इंच. साचा 8 इंच लांब. 144 भागिले 8, बरोबर 18 छाप. भिंत 13 फूट असती तर? 156 इंचांत 19 छाप बसतात आणि 4 इंच उरतात. मग दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जागा सोडावी.

जमिनीवरून माप घेऊ नये. जमीन उतरती असू शकते. गवंड्याची पाणसळ लावून दोन खुणा केल्या. गेरूत बुडवलेली दोरी त्या खुणांवर ताणून धरली. मधे ओढून सोडली. सरळ रेघ उमटली. ही रेघ चार फुटांवर घेतली. खाली पोती, खांदे घासतात, म्हणून तो भाग गेरूने सपाट रंगवला.

चौथे काम छापण्याचे. गेरू वस्त्रगाळ करून त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालावे. रंग ताकासारखा नको, दह्यासारखा हवा. फडक्याचा बोळा रंगात टेकवून आधी रद्दीवर टिपावा. मग साचा भिंतीशी घट्ट धरून हलके थोपटावे. घासू नये. साचा सरळ उचलावा, मागची बाजू पुसावी, मगच पुढे सरकावे.

आम्ही स्वतः येथे चुकलो. जन्मभर शाळेत 'घाई नको' असे शिकवले, आणि पहिला छाप आम्हीच घाईने मारला. रंग पातळ होता. पानाखाली लांब ओघळ आला. सगळे हसले. पोरगी म्हणाली, "गुरुजी, पान रडतंय!" ओघळ वाळल्यावर खरवडला, वर चुना दिला, आणि पुन्हा छापले. बाकीचे 17 छाप बाईंनी मारले. एकही ओघळला नाही.

दिवाळीनंतर बाई ऊसतोडीला निघाल्या. निघण्याआधी उरलेली फिल्म मागून नेली. त्यांनी स्वतःच्या नावाचा साचा कापला, सगळे पूल बरोबर ठेवून. तो छाप पत्र्याच्या पेटीवर मारला, धान्याच्या पोत्यांवर मारला. ट्रकमध्ये दहा घरांचे सामान एकत्र भरतात. आता कोणाची पेटी, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

आणि बोळ? आजी आणि नात त्यात बसतात. भिंत कोणासाठी, हे आता कोणी विचारत नाही.

सांगा पाहू :
1. चुना भिजवताना भांड्यात आधी काय घालावे?
2. साच्यात पूल का ठेवतात?
3. भिंत 10 फूट आणि साचा 8 इंच. छाप किती बसतील?
4. आपल्या नावातली कोणती अक्षरे कापताना पूल लागेल? ती लिहा.