मनोऱ्याआधी कागद

सूनबाई, आपल्या गटातून चारशे केव्हीची लाईन जायची आहे. शेतीचा कारभार आता तू बघतेस, म्हणून हे ध्यानात ठेव. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. तसे अधिकार असले की आपण नाही म्हटलं तरी काम होतं. पण त्याच तार कायद्याचं कलम १० सांगतं : नुकसान कमीत कमी करा आणि पुरी भरपाई द्या. जमिनीची मालकीही आपलीच राहते. तेव्हा भांडण तोंडानं करू नकोस, कागदानं कर.

सर्वेची माणसं खुंट्या ठोकायला येतील तेव्हाच शिवारात हजर राहा. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडं नकाशावर दाखव. वळणावरचा मनोरा सरकवणं अवघड असतं. सरळ ओळीतला बांधालगत घेता येतो का, ते लेखी विचार. अर्जाची पोच घे. पाया भरल्यावर कुणी ऐकत नाही.

सातबारा आधी नीट कर. वारसनोंद राहिली असेल तर पैसे अडकतात. ई-पीक पाहणी वेळेवर नोंदव. उभं पीक नोंदीत नसेल तर नुकसान सिद्ध करताना दमछाक होते.

पंचनामा एकदाच करून देऊ नकोस. पाया खणताना, मनोरा उभा करताना आणि तार ओढताना, तिन्ही वेळा पीक तुडवलं जातं. तिन्ही वेळा पंचनामा, तारखेसह फोटो. झाडं एकेक मोजून जात आणि वय लिहून घे. कोऱ्या कागदावर सही नाही. खणताना वरची काळी माती वेगळी ठेवायला लाव, मुरूम तिच्यात मिसळू देऊ नकोस.

आता पैशाचं. ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनसाठी केंद्राच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत : मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. पीक-झाडांचं नुकसान याहून वेगळं. राज्याचा चालू शासन निर्णय तहसीलमधून आण आणि दर त्यावर ताडून बघ. लोक चार पायांचेच पैसे मोजतात आणि पट्टा विसरतात. चारशे केव्हीचा पट्टा ४६ मीटर रुंद धरतात. शंभर मीटर लांबी आपल्या रानातून गेली तर ४६ आर झाले. मोजणी समोर उभी राहून करून घे.

रक्कम कमी वाटली तर घेताना ‘हक्क राखून’ असं लिही. मग तार कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. २००७ साली केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जमीन कुठे आहे, तार मधून जाते की कडेनं, हे बघून भरपाई ठरवावी. अर्जात ते नीट मांड.

लाईन सुरू झाल्यावर पट्ट्यात घर बांधू नकोस, उंच झाड लावू नकोस, तारांखाली पाचट पेटवू नकोस.

आपली फाईल पुरी झाली की शेजाऱ्यांचीही बघ. ज्यांच्या रानात मनोरा नाही, नुसती तार आहे, त्यांना पट्ट्याचे पैसे असतात हेच ठाऊक नसतं. त्यांना बरोबर घेऊन तहसीलला जा.