मुलींचे क्रिकेट : कोल्हापुरातून पुढची वाट

महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक 1973 साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षे आधी. भारताच्या हाती तो यायला मात्र 2 नोव्हेंबर 2025 उजाडला. नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवणाऱ्या संघाची उपकर्णधार सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. त्याआधी कोल्हापूरची ऑफस्पिनर अनुजा पाटील 2012 ते 2019 या काळात भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. इथल्या मुलीने भारतीय संघ गाठणे आता अशक्य वाटत नाही. पालकांना झोप लागू देत नाही तो प्रश्न वेगळाच असतो : नाही गाठला तर?

त्याचे उत्तर लिलावातल्या कोटींमध्ये शोधू नये, राज्य संघाच्या मानधनात शोधावे. डिसेंबर 2025 मध्ये बीसीसीआयने वरिष्ठ महिलांच्या देशांतर्गत एकदिवसीय सामन्याचे मानधन अकरा जणींत खेळणाऱ्या खेळाडूला दिवसाला 50,000 रुपये केले. त्याआधी ते 20,000 होते. सात सामने खेळल्यास साडेतीन लाख होतात. कमाई खरी, पण हंगामी. म्हणून पदवी सोडू नये. रेल्वेने अनेक महिला क्रिकेटपटूंना नोकरी दिली आहे आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. तिथे प्रमाणपत्रांची पडताळणी होते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जपावे.

वाट जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आणि तिथून 15, 19, 23 वर्षांखालील व वरिष्ठ संघांकडे जाते. पहिल्या दोन पायऱ्या नेमक्या दहावी-बारावीच्या आसपास येतात, तेव्हा वर्षाचे वेळापत्रक शाळेशी आधीच बोलून ठरवणे शहाणपणाचे. जन्मतारखेत फेरफार कधीही करू नये. सापडल्यास बंदी येते.

साहित्यातली एक गोष्ट हमखास निसटते. महिलांचा सीझन बॉल 140 ते 151 ग्रॅमचा, तर पुरुषांचा 156 ते 163 ग्रॅमचा असतो. मुलांच्या नेटमध्ये जड चेंडूवर सराव केलेल्या फिरकी गोलंदाज मुलीच्या बोटांना चाचणीतला चेंडू परका वाटतो. आठवड्यातले काही दिवस तरी तिच्या हातात तिचाच चेंडू असावा.

मैदानावरचे काम खेळाडूपाशी संपत नाही. मुंबईच्या वृंदा राठी स्कोअरर होत्या. 2023 मध्ये त्या रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार स्वतः भारताकडून एकही सामना खेळलेले नाहीत.